फिल्म स्वच्छ, पाय जड

प्रोग्रेसिव्ह मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या, म्हणजे एमएसच्या, रुग्णाची फाइल उघडली की तिच्यात सर्वांत जाडजूड असतात त्या एमआरआयच्या फिल्म. आता जिल्ह्याच्या गावीही स्कॅन सेंटर असतं, त्यामुळे दर वर्षी एकदोन पाकिटांची भर पडत जाते. रिपोर्टच्या तळाशी ओळ असते: मागील तपासणीच्या तुलनेत लक्षणीय बदल नाही. घरचे हुश्श करतात. रुग्ण गप्प असतो, कारण मागच्या दिवाळीला तो काठी न घेता सोसायटीच्या गेटपर्यंत जात होता आणि या दिवाळीला लिफ्टपर्यंत जाताना भिंत धरतो आहे. हा बदल फाइलीत कुठंच नाही. पंचवीस फूट चालायला त्याला किती सेकंद लागतात, शर्टाची बटणं लावायला किती वेळ जातो, रात्री लघवीसाठी तो किती वेळा उठतो, यातलं काहीच कुणी लिहून ठेवलेलं नसतं. आजार नेमका याच जागी पुढं सरकत असतो.

असं का होतं हे समजायला या आजाराच्या दोन चाली वेगवेगळ्या ओळखाव्या लागतात. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मेंदूवर, मज्जारज्जूवर आणि डोळ्यांच्या नसांवर उलटते. चेतातंतूंभोवतीचं मायलिन नावाचं स्निग्ध आवरण सोलवटतं आणि पुढं खुद्द तंतूही तुटतात. शंभरातल्या सुमारे 85 जणांना सुरुवातीला हा आजार अटॅकच्या रूपानं भेटतो. एका डोळ्याची नजर चार दिवसांत अंधारते किंवा कमरेखाली बधिरता येते, काही आठवड्यांत बरंचसं ओसरतं, मग महिनोन्‌महिने शांतता. हा रिलॅप्सिंग एमएस. यांतल्या अनेकांचे अटॅक काही वर्षांनी विरळ होतात आणि त्यांच्या जागी एक सलग, संथ उतरण सुरू होते. ही झाली सेकंडरी प्रोग्रेसिव्ह अवस्था. उरलेल्या 10 ते 15 टक्के लोकांना अटॅक असे जवळजवळ येतच नाहीत, पहिल्यापासून उतरणच असते. त्याला प्रायमरी प्रोग्रेसिव्ह म्हणतात. तो साधारण चाळिशीत डोकं वर काढतो. रिलॅप्सिंग प्रकार बायकांमध्ये दुप्पट-तिप्पट दिसतो, पण इथं स्त्री-पुरुषांचं प्रमाण जवळपास सारखं असतं.

आपल्याकडे या प्रायमरी प्रोग्रेसिव्हची ओळख पटायला फार उशीर होतो. चाळिशीतल्या माणसाचा पाय जड झाला, चालता चालता एका पायातली चप्पल निसटायला लागली आणि ती निसटल्याचं मागून येणाऱ्यानं सांगितल्यावर कळायला लागलं, की पहिला संशय मणक्यावर जातो. ‘मणक्यात गॅप आहे’ हे वाक्य ऐकलेलं नाही असं घर सापडणं कठीण. मग पट्टा, शेक, मालीश, बी-12 ची इंजेक्शनं. हे सगळंच चूक असतं असं नाही. मानेच्या मणक्यांतला दाब, बी-12 ची कमतरता, मणक्याचा क्षय ही सगळी कारणं आपल्याकडे एमएसपेक्षा कितीतरी जास्त आढळतात आणि ती आधी तपासायलाच हवीत. पण ती तपासून बाजूला पडल्यावरही पाय जड होतच राहिला, तर पुढचा पत्ता न्यूरॉलॉजिस्टचा. प्रायमरी प्रोग्रेसिव्हचं निदान करायला किमान एक वर्षाची उतरण दिसावी लागते, ही अट एमएसच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या मॅकडोनाल्ड निकषांत वर्षानुवर्षं आहे. थोडक्यात, या आजाराची ओळखच मुळी काळजीपूर्वक नोंद ठेवण्यावर उभी आहे.

एमआरआय नव्हता तेव्हाही अशी नोंद ठेवणारी माणसं होती. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नातू ऑगस्टस देस्ते 1822 च्या डिसेंबरात स्कॉटलंडला गेला होता. तिथं एका नातेवाइकाच्या अंत्यविधीनंतर त्याची नजर इतकी अंधुक झाली, की आलेली पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली. काही दिवसांनी दृष्टी परत आली. पुढं वीसहून अधिक वर्षं त्यानं आपल्या शरीराची रोजनिशी लिहिली: एकाऐवजी दोन दिसणं, पायांतली शक्ती जाणं, लघवीची अडचण, हवापालटाच्या गावी केलेले उपचार, सुधारलं म्हणून वाटलेला दिलासा आणि मग न सुधारणारं बिघडणं. 1848 मध्ये तो गेला. त्यानंतर वीस वर्षांनी, 1868 मध्ये, पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयात न्यूरॉलॉजिस्ट शार्को यांनी या आजाराचं पहिलं व्यवस्थित वर्णन केलं, आणि देस्तेची रोजनिशी तर 1948 मध्ये प्रसिद्ध झाली. ती वाचणाऱ्या डॉक्टरांना निदान करायला कसलीच अडचण आली नाही. अटॅक कुठं संपले आणि उतरण कुठं लागली, तेही दाखवता येतं. तपासणीचं एकही यंत्र हाताशी नसलेल्या माणसानं काय चालतं आणि काय चालत नाही एवढंच प्रामाणिकपणे लिहिलं, आणि ते पुरलं.

आता फिल्म शांत का राहते ते पाहू. अटॅक येतो तेव्हा रक्तातल्या पेशी रक्तवाहिनीची भिंत ओलांडून मेंदूत घुसतात. ही घुसखोरी एमआरआयवर ठळक दिसते. गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट टोचलं तर ताजा डाग उजळतो आणि साधारण काही आठवडे उजळत राहतो. प्रोग्रेसिव्ह अवस्थेत बाहेरून येणारी ही फौज कमी झालेली असते. जळजळ आता आतच घर करून असते, राखेखालच्या निखाऱ्यासारखी. जुन्या डागांच्या कडेला मायक्रोग्लिया नावाच्या मेंदूच्या स्वतःच्या रक्षक पेशी पोटात लोह साठवून बसलेल्या असतात आणि डाग वर्षानुवर्षं मिलिमीटरच्या अंशांनी पसरत राहतो. मेंदूच्या आवरणांत प्रतिकारपेशींचे पुंजके तयार झालेले असतात. उघडे पडलेले तंतू ऊर्जेअभावी एकेक करून मरत असतात. यातलं बहुतेक काही नेहमीच्या स्कॅनला दिसत नाही. लोहाची ती कडा दिसते, पण त्यासाठी स्कॅनची खास पद्धत वापरावी लागते. 2024 च्या सुधारित मॅकडोनाल्ड निकषांत अशा कडांच्या डागांना निदानासाठी स्थान मिळालं आहे. आपल्या नेहमीच्या स्कॅन सेंटरच्या रिपोर्टात मात्र त्यांचा उल्लेख अजून क्वचितच सापडतो. शिवाय पाय आणि लघवी यांच्याशी ज्याचा सर्वांत जवळचा संबंध तो मज्जारज्जू करंगळीएवढा जाड, श्वासागणिक हलणारा. त्याचं चांगलं चित्र काढणं मेंदूपेक्षा अवघड.

म्हणून 1996 मध्ये फ्रेड लब्लिन आणि स्टीफन राइनगोल्ड यांनी आजाराचे जे प्रकार पाडले होते, त्यांत 2013 मध्ये आंतरराष्ट्रीय समितीनं एक शहाणी दुरुस्ती केली. नुसतं ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणून थांबू नका, दर वर्षी दोन प्रश्न वेगवेगळे विचारा, असं तिनं सांगितलं. पहिला: आजार सक्रिय आहे का, म्हणजे नवा अटॅक किंवा एमआरआयवर नवा डाग आहे का? दुसरा: उतरण चालू आहे का, म्हणजे अटॅक नसतानाही अपंगत्व वाढतंय का? दोन्हींची उत्तरं एकमेकांवर अवलंबून नाहीत. सक्रिय नाही पण उतरण चालू, अशी माणसं भरपूर आहेत, आणि सुरुवातीला सांगितलेला भिंत धरणारा रुग्ण त्यांतलाच. पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्कॅन बऱ्यापैकी देतो. दुसऱ्याचं उत्तर द्यायला माणूसच तपासावा लागतो.

माणूस तपासण्याची सर्वांत प्रसिद्ध पट्टी म्हणजे ईडीएसएस. तिचा जन्म गमतीदार आहे. 1950 च्या दशकात अमेरिकेत जॉन कुर्ट्झके हे न्यूरॉलॉजिस्ट माजी सैनिकांच्या रुग्णालयात एमएसवर आयसोनायझिड देऊन पाहत होते. आयसोनायझिड म्हणजे आपल्याकडे टीबीच्या कोर्समध्ये घरोघरी माहीत झालेली गोळी. तिचा एमएसवर उपयोग काही झाला नाही, पण फरक मोजायला त्यांनी जी मोजपट्टी बनवली ती टिकली. 1955 ची ती पट्टी 1983 मध्ये सुधारून आजची झाली: 0 म्हणजे तपासणीत काहीच दोष नाही, 10 म्हणजे एमएसमुळे मृत्यू, आणि मध्ये अर्ध्या अर्ध्या गुणाच्या पायऱ्या. 4 ला माणूस आधाराशिवाय, न थांबता 500 मीटर चालतो. 6 ला 100 मीटरसाठी एक काठी लागते, 6.5 ला 20 मीटरसाठी दोन. 7 ला व्हीलचेअर.

या पट्टीचा दोष वर वाचतानाच लक्षात आला असेल. 4 च्या पुढं ती जवळजवळ फक्त चालणं मोजते. दोन काठ्यांवर आलेल्या बाईच्या हातातली शक्ती पुढच्या दोन वर्षांत गेली, तिला पोळी लाटता येईना, वेणी घालता येईना, मोबाइलवर बोट नीट टेकेना, तरी आकडा 6.5 च राहू शकतो. जी काठीवर आहे तिचं सगळं स्वावलंबन हातांत असतं, आणि नेमक्या त्याच टप्प्यावर पट्टी हातांकडे पाहणं सोडते. याची किंमत औषधांच्या चाचण्यांनीही मोजली आहे. नॅटलिझुमॅब हे औषध सेकंडरी प्रोग्रेसिव्हच्या 889 रुग्णांच्या चाचणीत तपासलं गेलं. ठरवलेल्या मुख्य कसोटीवर ते नापास झालं, पण हातांचं काम वेगळं काढून पाहिलं तेव्हा औषध घेणाऱ्यांचे हात कमी बिघडलेले दिसले. असा मागाहून सापडलेला फायदा पुरावा म्हणून धरता येत नाही, पण इशारा म्हणून पुरेसा होता. ब्रिटनमध्ये मग व्हीलचेअरपर्यंत आलेल्या रुग्णांवर क्लॅड्रिबिनची चाचणी उभी राहिली, तिची मुख्य कसोटीच हातांचं काम ही आहे. ‘आता पाय गेले, आता मोजण्यासारखं काय राहिलं’ या वृत्तीला ते चांगलं उत्तर आहे.

हात आणि पाय मोजायला लागतं तरी काय? ओपीडीच्या बोळात फरशीवर चिकटपट्टीच्या दोन खुणा, त्यांच्यात 25 फूट, म्हणजे 7.62 मीटर अंतर. रुग्णाला सांगायचं: जमेल तेवढं भराभर, पण पडणार नाही असं चाला. पहिल्या खुणेवरून पाऊल निघालं की स्टॉपवॉच सुरू, दुसरी ओलांडली की बंद. मग तेवढंच परत. दोन्ही वेळांची सरासरी. काठी नेहमी वापरत असतील तर काठीसकट, आणि पुढच्या वेळीही काठीसकटच. वेळ 20 टक्क्यांनी वाढली तर ती दखल घ्यावी इतकी वाढ मानतात. 8 सेकंदांचे 10 झाले, की गप्प बसायचं नाही. हातांसाठी नऊ भोकांची पाटी असते. शेजारच्या वाटीतल्या नऊ खुंट्या एकेक उचलून भोकांत बसवायच्या आणि लगेच एकेक काढून परत वाटीत टाकायच्या, प्रत्येक हातानं दोनदा. धडधाकट माणसाला वीसेक सेकंद लागतात. एमएसचा हात पाहताना कळतं, की खुंटी उचलणं त्याला जमतं, ती भोकाच्या तोंडाशी आणल्यावर बोटं थरथरतात आणि खुंटी कडेवर ठकठक करत राहते. विचारांच्या वेगासाठी तिसरी चाचणी: नऊ चिन्हं, प्रत्येकाला एक आकडा, दीड मिनिटात जितक्या चिन्हांचे आकडे सांगता येतील तितके. ही न करण्याचा मोह सगळ्यांना होतो, रुग्णाला सर्वांत जास्त. पण ‘हल्ली त्यांचं लक्षच नसतं’ असं बायको दरवाज्यात उभी राहून हळूच सांगते, त्या तक्रारीला आकडा देणारं हे एकच साधं साधन आहे.

या तिन्हींना मिळून पंधरा-वीस मिनिटं जातात. खर्च नगण्य. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांना तेवढा वेळ नसतो हे खरं, पण फिजिओथेरपिस्टला किंवा नर्सला ते सहज येतं. मग ते होत का नाही? माझं मत असं, की आपण यंत्रातून आलेल्या कागदाला पुरावा मानतो आणि माणसाच्या चालण्याला हकिकत. स्कॅनचे काही हजार रुपये देताना कुरकूर न करणारं कुटुंब ‘जरा चालून दाखवा’ म्हटल्यावर एकमेकांकडे बघतं.

एकाच दिवसाच्या आकड्यावर मात्र भरवसा ठेवायचा नाही. रात्री झोप झाली नसेल, मे महिन्यातल्या दुपारी रिक्षातून आले असतील, तर वेळ वाढणारच. म्हणून औषधांच्या चाचण्यांत बिघाड दिसला की तो 12 किंवा 24 आठवड्यांनी पुन्हा तपासतात आणि तेव्हाही कायम असेल तरच उतरण म्हणून धरतात. हाच नियम घरीही लावावा.

एमआरआयला मोडीत काढायचं असा याचा अर्थ नाही. पहिल्या प्रश्नासाठी तो लागतोच. शक्यतो दर वेळी एकाच मशीनवर, एकाच पद्धतीनं काढलेला असावा, म्हणजे जुन्या-नव्याची तुलना जमते; सवलत मिळाली म्हणून सेंटर बदललं की ती तुलना पांगळी होते. 2021 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार नेहमीच्या फेरतपासणीला बहुतेक वेळा कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन लागत नाही. रक्ताची न्यूरोफिलामेंट नावाची तपासणीही आता ऐकू येते. तंतू तुटला की त्याच्या सांगाड्यातलं हे प्रथिन रक्तात उतरतं. संशोधनात ती फार कामाची आहे, पण एकट्यादुकट्या रुग्णाचा आकडा वाचताना वय, वजन, मूत्रपिंडाचं काम असं बरंच काही आडवं येतं, आणि संथ उतरणीपेक्षा ती ताज्या हल्ल्याची बातमी जास्त चांगली देते.

आकड्यांच्या मोहाबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सिम्वास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची साधी, स्वस्त गोळी. लंडनमधल्या संशोधकांनी ती 140 सेकंडरी प्रोग्रेसिव्ह रुग्णांवर दोन वर्षं तपासली आणि 2014 मध्ये निकाल आला: मेंदू आक्रसण्याचा वेग 43 टक्क्यांनी कमी. जगभर आनंद झाला. अनेकांनी डॉक्टरांकडे ती गोळी मागितली, काहींनी तर न विचारताच सुरू केली असेल. मग 964 लोकांची मोठी चाचणी झाली. यावेळी मोजलं ते अपंगत्व. 2024 मध्ये निकाल जाहीर झाला, तो कोरा होता: गोळी घेणाऱ्यांचं आणि न घेणाऱ्यांचं अपंगत्व सारख्याच गतीनं वाढलं. पहिली चाचणी खोटी नव्हती. स्कॅनवरची रेघ सुधारली आणि पायाला त्याचा पत्ता लागला नाही, इतकंच. हृदयासाठी ती गोळी लागत असेल त्यांनी ती अर्थातच चालू ठेवावी.

जी औषधं कसोटीला उतरली त्यांचे आकडेही नीट वाचायला शिकलं पाहिजे. ऑक्रेलिझुमॅबची प्रायमरी प्रोग्रेसिव्हमधली चाचणी 732 रुग्णांवर झाली. 12 आठवडे टिकलेली उतरण औषध न घेतलेल्यांत 39.3 टक्क्यांना, घेतलेल्यांत 32.9 टक्क्यांना. जाहिरातीत याचं ‘धोका 24 टक्क्यांनी कमी’ होतं, आणि ते बरोबरच आहे; पण ओपीडीतल्या माणसाला सांगायचं तर असं, की शंभर जणांत सहा-सात जणांची उतरण त्या काळात टळली आणि तेहतीस जणांची औषध घेऊनही टळली नाही. 2017 च्या मार्चमध्ये या प्रकारासाठी अमेरिकेत मंजूर झालेलं हे पहिलंच औषध, त्याआधी हातात काहीच नव्हतं, म्हणून याचं मोल मोठं. चाचणीत 55 वर्षांपर्यंतचेच आणि काठ्यांवर का होईना पण चालणारेच रुग्ण होते, हेही लक्षात ठेवावं. सिपोनिमोडनं सेकंडरी प्रोग्रेसिव्हच्या 1651 रुग्णांत 32 टक्क्यांचे 26 केले. अमेरिकेत मंजुरी मिळाली ती आजार सक्रिय असलेल्यांसाठी. अटॅक थांबलेल्या, नुसती उतरण चालू असलेल्या सेकंडरी प्रोग्रेसिव्हसाठी टोलेब्रुटिनिबच्या चाचणीचा निकाल 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिने टिकलेली उतरण 30.7 टक्क्यांवरून 22.6 वर आली. मेंदूतल्या त्या लोह साठवणाऱ्या पेशींपर्यंत पोचणारं हे औषध असल्यानं उत्सुकता मोठी आहे, पण यकृताला होणारी इजा हा तितकाच मोठा प्रश्न आहे.

तिन्ही ठिकाणी उतरण मंदावते. गेलेली शक्ती परत येत नाही. हे पहिल्याच भेटीत, स्पष्ट शब्दांत सांगणारा डॉक्टर मला जास्त प्रामाणिक वाटतो. नाहीतर सहा महिन्यांनी कुटुंब म्हणतं, ‘एवढं महागडं इंजेक्शन घेतलं तरी फरक काहीच नाही’, आणि फरक न पडणं हेच कदाचित यश असतं.

औषध चालू केलं की मोजण्याची आणखी एक वही उघडते. ऑक्रेलिझुमॅब दर सहा महिन्यांनी शिरेतून देतात आणि ते प्रतिकारशक्तीचा एक भाग निष्प्रभ करतं. त्याआधी हिपॅटायटिस बी तपासावाच लागतो, कारण झोपलेला विषाणू जागा होऊन यकृतावर उठू शकतो. आपल्या देशात छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी पाश्चात्त्य यादीतली एक ओळ म्हणून उरकून चालत नाही. घरात कुणाला टीबी झाला होता का, हे खोदून विचारावं लागतं. लसी शक्यतो आधीच उरकायच्या. पुढं रक्तातल्या इम्युनोग्लोब्युलिनची पातळी अधूनमधून पाहायची, कारण ती वर्षागणिक घटत जाते आणि मग साधी सर्दी छातीत उतरते.

पण रुग्णाचा दिवस कसा जातो हे ठरवणाऱ्या बऱ्याच गोष्टींचा या इंजेक्शनांशी संबंध नसतो.

सर्वांत आधी लघवी. अचानक, दोन दिवसांत पाय इतके जड झाले की उठवेना, असं झालं की सगळ्यांना वाटतं अटॅक आला, स्टेरॉइड द्या. प्रोग्रेसिव्ह रुग्णात अशा वेळी आधी थर्मामीटर आणि लघवीची तपासणी. मूत्रमार्गाचा साधा संसर्ग, कधी तापाशिवायसुद्धा, जुन्या जखमी तंतूंना इतका नडतो की नवा अटॅक आल्यासारखं वाटतं. अँटिबायोटिकनं संसर्ग गेला की माणूस पूर्वपदावर येतो. उलट संसर्ग अंगात असताना स्टेरॉइड दिलं तर तो बळावतो. संसर्ग पुन्हा पुन्हा होत असेल तर लघवी करून आल्यावर सोनोग्राफीत मूत्राशयात किती उरली ते पाहायचं. 100 मिलिलिटरच्या वर उरत असेल तर दिवसातून काही वेळा स्वच्छ नळी घालून ती काढण्याचं तंत्र शिकवतात. ऐकताच लोक दचकतात. शिकल्यावर बहुतेकांची तक्रार असते की हे आधी का नाही सांगितलं, कारण रात्रीची झोप परत येते आणि लग्नकार्याला जाता येतं. लघवीच्या भीतीनं पाणी तोडणं ही आपल्याकडची, विशेषतः बायकांची, सवय मात्र संसर्गाला आमंत्रणच.

मग उष्णता. श्रमानं नजर तात्पुरती अंधुक होते हे जर्मन नेत्रवैद्य विल्हेल्म उथॉफ यांनी 1890 मध्ये नोंदवलं; गरम पाण्याच्या आंघोळीनंही तसंच होतं. मायलिन गेलेल्या तंतूतून संदेश जाणं थोड्याशा उष्णतेनंही अडखळतं. विदर्भातल्या मे महिन्यात एमएसच्या माणसाला काय होत असेल याची यावरून कल्पना यावी. यानं आजार वाढत नाही, शरीर थंड झालं की शक्ती परत येते. पण हे माहीत नसेल तर घाबरगुंडी उडते. कामं सकाळी उरकणं, कोमट पाण्याची आंघोळ, मानेवर ओला पंचा, कूलरसमोर बसून व्यायाम, हे उपाय साधे असले तरी कामाचे आहेत. व्यायामच बंद करणं हा उपाय नाही.

पायांच्या ताठरपणावर बॅक्लोफेन किंवा टिझानिडिन देतात. यात एक खोच आहे. कधी कधी तो ताठरपणाच माणसाला उभं ठेवत असतो. गोळीनं पाय मऊ पडले की गुडघे दुमडतात आणि माणूस न्हाणीघरात पडतो. म्हणून मात्रा हळूहळू, चालणं बघत बघत वाढवायची. आणि बॅक्लोफेन संपलं म्हणून एकदम बंद करायचं नाही, त्यानं झटके येऊ शकतात. लांबच्या गावी राहणाऱ्यांनी आठवडाभराच्या गोळ्या जास्तच जवळ ठेवाव्यात.

खुर्चीवर आलेल्यांची त्वचा रोज पाहायची, माकडहाड आणि टाचा विशेष. पुस्तकांत लिहिलेलं असतं की दाबाची जखम होण्याआधी त्वचा लाल होते. आपल्या सावळ्या कातडीवर ती लाली कुणाला दिसणार? इथं काळपट, जांभळट छटा पाहायची आणि हात लावून ती जागा शेजारच्यापेक्षा गरम किंवा टणक लागते का ते बघायचं. हे काम बहुधा घरातली बाई करते, आणि तिच्या पाठीचं, झोपेचं आणि मनाचं काय चाललंय हे विचारायला कुठल्याच तपासणीत रकाना नाही. रुग्णाच्या उदासीनतेलाही आपण ‘एवढा आजार म्हटल्यावर होणारच’ म्हणून सोडून देतो. तिच्यावर औषध आणि समुपदेशन दोन्ही चालतं, आणि ती उतरली की थकवासुद्धा थोडा उतरतो.

भारतात एमएस विरळा आहे. मंगळूर शहरातल्या एका पाहणीत तो लाखामागे सुमारे आठ लोकांत सापडला. अपवाद पारशी समाजाचा. त्यांच्यात तो इतर भारतीयांपेक्षा बराच जास्त आढळतो हे मुंबईचे न्यूरॉलॉजिस्ट नोशिर वाडिया यांनी 1990 मध्ये मांडलं. विरळा असल्याचा तोटा असा, की गावातल्या डॉक्टरनं आयुष्यात असे दोन-तीनच रुग्ण पाहिलेले असतात आणि शेजाऱ्यांना ‘एमएस’ म्हणजे काय तेच ठाऊक नसतं. मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया 1985 पासून मुंबईतून काम करते, तिच्या शाखा इतर शहरांतही आहेत. दुसरा रुग्ण भेटणं हेच तिथं अनेकांना पहिलं औषध ठरतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत एमएसचं नाव स्पष्ट आहे. बहुतेक सवलतींसाठी 40 टक्के अपंगत्व लागतं, आणि बोर्डासमोर सकाळी ताजा होऊन गेलेला रुग्ण दहा पावलं नीट चालतो. तेव्हा दोन-तीन वर्षांच्या चालण्याच्या वेळा, हातांचे आकडे, लघवीच्या सोनोग्राफीचे रिपोर्ट हे सगळं तारखांसकट फाइलीत असेल तर त्याचा उपयोग फिल्मच्या गठ्ठ्यापेक्षा जास्त होतो.

शेवटी एक प्रश्न उरतो, तो बहुतेक कुटुंबं दबक्या आवाजात विचारतात: औषध थांबवायचं कधी? साठी उलटली, अटॅक कित्येक वर्षांत नाही, संसर्ग मात्र वाढलेत, खर्च चालूच आहे. अमेरिकेत 55 वर्षांवरच्या, पाच वर्षांत अटॅक न आलेल्या 259 लोकांवर याची चाचणी झाली आणि 2023 मध्ये निकाल आला. औषध चालू ठेवलेल्यांपैकी 4.7 टक्क्यांना, थांबवलेल्यांपैकी 12.2 टक्क्यांना दोन वर्षांत नवा अटॅक किंवा नवा डाग दिसला, बहुतेकांना नुसता डागच. म्हणजे थांबवणं पूर्ण निर्धास्त नाही, आणि भयंकरही नाही. वारंवार न्यूमोनिया होणाऱ्या सत्तरीच्या माणसासाठी आणि नुकत्याच पंचावन्न झालेल्या, अजून नोकरीवर जाणाऱ्या बाईसाठी याच आकड्यांतून वेगळे निर्णय निघतात. थांबवलंच, तर पहिल्या वर्षात सहा महिन्यांनी एक स्कॅन आणि दर भेटीला पंचवीस फूट, नऊ खुंट्या, दीड मिनिटाची चिन्हं. औषध बंद झालं म्हणून भेटी बंद करायच्या नाहीत. फिजिओथेरपी, मूत्राशय, त्वचा यांची कामं तशीच चालू असतात, आणि त्यासाठी पुढची तारीख घेऊनच घरी जायचं.